मदत हवी आहे: याच जन्मी पापमुक्त जगता येतं का?

सर्वांना सलाम. खडकीत आमच्या घरी दर शुक्रवारी तरुणांचा शास्त्राभ्यास असतो. सध्या बायबलच्या नव्या करारातलं योहानाचं पहिलं पत्र चालू आहे आणि गाडी तिथेच अडलीय. १:८ (अध्याय १, वचन ८) म्हणतं, आमच्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःलाच फसवतो. ३:९ म्हणतं, देवापासून जन्मलेला पाप करत नाही. पत्र एक, लेखक एक!

मावशी मेथॉडिस्ट पंथाची. तिचं म्हणणं, त्या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने शिकवलेली परिपूर्णता याच आयुष्यात मिळू शकते. पण वेस्ली 'पाप' म्हणताना मुख्यतः माहीत असलेली आज्ञा जाणूनबुजून मोडणं धरत होता. अज्ञान, चुका, मोह सुटतात असा त्याचा दावा नव्हता. मग ही परिपूर्णता म्हणजे नेमकं काय? भाऊ जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या बाजूचा: विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही आणि पापीही. तो लगेच पौलाच्या रोमकरांस पत्राचा ७वा अध्याय उघडतो, जिथे पौल म्हणतो की नको असलेलं वाईटच माझ्या हातून होतं. मावशीच्या मते तिथे पौल तारणापूर्वीची अवस्था सांगतो. मला ते पटत नाही, पण पापाच्या नियमातून सुटका झाल्याचं सांगणाऱ्या ८व्या अध्यायाचं काय करायचं तेही कळत नाही.

मुलांचा प्रश्न सरळ आहे. "दादा, राग, मोबाईलवरचं नको ते बघणं, हे सुटणार की मरेपर्यंत झगडायचंच?" 'सुटणार' म्हटलं तर पुन्हा पडणारा स्वतःच्या तारणावरच शंका घेतो. 'नाही' म्हटलं तर काहींना आयती सूट.

पाळकांनी किंवा सेमिनरीत शिकलेल्यांनी सांगावं: ही दोन वचनं एकत्र कशी शिकवता? शक्यतो मराठीतलं, पुण्यात मिळेल असं भाष्य सुचवा. पंथावरून भांडण नको, ते घरी पुरेसं होतं.