मदत हवी आहे: चहाच्या बियांच्या पेंडीने चिलापी मरेना

खाजणात २० गुंठ्यांचं कोळंबीचं तळं आहे, पाणी १ मीटर. वेनामी (कोळंबीची जात) दीड महिन्याची झालीय आणि आत चिलापी (तिलापिया मासा) शिरलीय, खाद्य तीच फस्त करते. पेंडीतलं सॅपोनिन माशांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं. कोळंबीत त्या पेशी नसतात, म्हणून ती वाचते. हे ठाऊक असल्यामुळेच ४० किलो पेंड (२० पीपीएम, म्हणजे दर हजार लिटर पाण्याला २० ग्रॅम) रात्रभर भिजवून सकाळी शिंपडली, एरेटर (पाण्यात हवा खेळवणारं यंत्र) चालू ठेवूनच. पाण्यावर पांढराशुभ्र फेस आला, पण फक्त बारीक पिल्लं तरंगली, मोठी तशीच फिरतायत. पावसाने क्षारता ६ पीपीटीवर (लिटरमागे साधारण ६ ग्रॅम क्षार) आलीय. कमी क्षारतेत सॅपोनिनचा जोर कमी पडतो, हे मान्य. पेंड नवीन, कोरडी आहे. तळं उपसता येणार नाही, ब्लीचिंग तर नाहीच.

एवढ्या गोड्या पाण्यात कोळंबीला धक्का न लावता कोणी किती पीपीएमपर्यंत गेलंय, आणि दुसरा डोस किती दिवसांनी दिला?