मदत हवी आहे : दोन भाषांत चालणाऱ्या नावाचा खरा उगम कसा पडताळावा?

नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीला नुकतीच मुलगी झाली. मेहुण्यांची मातृभाषा रशियन आहे. त्यामुळे दोन्हीकडच्या आज्यांना जीभ न अडखळता हाक मारता येईल आणि दोन्ही भाषांत अर्थ चांगला निघेल, असे नाव शोधून त्याचा उगम नीट लिहून देण्याची जबाबदारी मावशी या नात्याने माझ्यावर आली आहे. 'लीला' हे नाव पहिल्याच दिवशी बाजूला पडले, कारण रशियनमध्ये जवळपास त्याच उच्चाराचे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ 'तिने ओतले' असा होतो. 'तारा'चेही तसेच झाले. आपल्या कानाला ती चांदणी असली, तरी रशियन कानाला तो माल भरण्याची खोकी आणि पिंपे यांसाठीचा शब्द आहे. आता 'मीरा' आणि 'श्वेता' ही दोन नावे उरली आहेत.

खरी अडचण 'मीरा'ची आहे. नावांच्या अर्थांच्या याद्या चाळल्या, तर एकीत 'समुद्र', दुसरीत 'शांती', तिसरीत 'अद्भुत' आणि चौथीत 'राजकन्या' असे अर्थ दिलेले आढळतात, आणि प्रत्येक यादी आपलाच अर्थ एकमेव असल्यासारखा सांगते. मी शब्दकोश उघडून पाहिले तेव्हा लक्षात आले की यांपैकी बहुतेकांना काहीतरी आधार आहे. संस्कृत कोशांत 'मीर' म्हणजे समुद्र अशी नोंद आहे. रशियन 'मीर' म्हणजे शांती, आणि जगही. लॅटिन 'मीरुस' म्हणजे अद्भुत. तिमिंगल तारकासमूहातल्या, तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्याला हेवेलियसने १६६२ मध्ये 'मीरा' म्हटले ते याच शब्दावरून. फारसीतला 'मीर' हा अरबी 'अमीर'चा आखूड झालेला उच्चार आहे, आणि राजकन्या बहुधा तिथूनच आली असावी.

माझे प्रश्न दोन आहेत. दोन भाषांतली नावे खरोखर नात्याची आहेत की केवळ ऐकायला सारखी आहेत, हे कसे ठरवावे? आणि आपल्याकडे हे नाव ठेवताना बहुतेकांच्या मनात समुद्र नसून संत मीराबाई असतात, तर बाळाच्या वहीत अर्थ म्हणून 'समुद्र' लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल का?

प्रतिसाद :

अभिनंदन! नावाचा शब्दार्थ, ते आपल्यापर्यंत आले तो मार्ग आणि योगायोगाने जुळलेला उच्चार या तीन गोष्टी याद्यांमध्ये एकत्र कालवलेल्या असतात. त्या आधी वेगळ्या कराव्यात. जपानी 'नाओमी' आणि हिब्रू 'नाओमी' ही नावे कानाला एकच वाटतात, पण त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. हिब्रू नावाचा अर्थ रम्यता असा आहे, तर जपानी नावाचा अर्थ ते कोणत्या चिन्हांनी लिहिले आहे यावर ठरतो. याउलट 'सिकंदर' आणि 'अलेक्झांडर' यांचा उच्चार दूर गेलेला असूनही नाव एकच आहे. अरबी भाषकांनी सुरुवातीचा 'अल' हा आपल्या भाषेतला उपपद-प्रत्यय समजून वेगळा काढला, म्हणून तो पुढे गळून पडला.

अर्थ सारखा असला म्हणूनही नाते सिद्ध होत नाही. देवदत्त, ग्रीक थिओडोर आणि स्लाव्ह भाषांतले बोगदान या तिन्हींचा अर्थ 'देवाने दिलेला' असा आहे. तिन्हींतला देण्याचा धातू एकाच मुळाचा आहे, आपल्या 'दा' धातूचा. देवाचे शब्द मात्र वेगवेगळे आहेत. ग्रीक 'थेऑस' दिसायला 'देव'सारखा असला तरी त्याचे मूळ निराळे आहे, आणि 'बोग' हा संस्कृत 'भग'चा नातलग आहे. म्हणून एका शब्दाच्या साम्यावर विसंबू नये. तोच ध्वनिबदल इतर शब्दांतही नियमाने दिसतो का, ते पाहावे. संस्कृत 'शत' आणि रशियन 'स्तो', 'दश' आणि 'देस्यत', 'श्वेत' आणि 'स्वेत' : प्रत्येक जोडीत आपल्या 'श'च्या जागी त्यांचा 'स' आहे. रशियन 'स्वेत' म्हणजे प्रकाश. अशी साखळी मिळाली की नाते पक्के समजावे. 'मीरा'च्या बाबतीत समुद्र, शांती आणि अद्भुत यांना जोडणारी अशी साखळी नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : वहीत आधी संत मीराबाईंचे नाव लिहा, कोशातला अर्थ त्यानंतर. लोकांनी मागाहून जोडलेला अर्थही नावाच्या इतिहासाचा भाग असतो. 'व्लादिमीर'चा उत्तरार्ध मुळात 'थोर' या अर्थाचा 'मेर' होता. लोकांनी तो 'मीर'शी जोडला आणि आज सर्वजण तसाच लिहितात.

मूळ प्रश्नकर्ती :

मनापासून आभार. 'शत' आणि 'स्तो' ही जोडी मी मेहुण्यांना ऐकवली, तेव्हा त्यांनी कागद घेऊन एक ते दहा आकडे दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी मांडले आणि आम्ही तासभर त्यातच रमलो. बहिणीचा कल आता 'श्वेता'कडे झुकला आहे. रशियन आजींना फोनवर नाव सांगितले, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता 'स्वेता, स्वेतोच्का' अशी हाक मारली. त्यांच्याकडे स्वेतलाना नावाच्या मुलीला लाडाने असेच म्हणतात. आता एवढेच विचारायचे आहे की रशियन कागदपत्रांत हे नाव 'श'ने लिहावे की 'स'ने? 'स'ने लिहिले, तर ते स्वेतलानाचे लाडके रूप समजले जाईल की पूर्ण नाव म्हणून चालेल? दोन लिप्यांत मुलांची नावे नोंदवण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.