दडवलेलं कळलं तेव्हा

कथा-चित्रपटांत एखादं दडवलेलं सत्य बाहेर येतं, माणसं कोलमडतात आणि त्याच पडझडीत कुणाला कुणीतरी सापडतं. असा कुठला प्रसंग तुमच्या आयुष्याला भिडला? नुसतं कथानक नको, तुमचं काय झालं तेही लिहा. सुरुवात मी करते.

वडील गेल्यावर कपाट आवरताना एका शाळकरी मुलीचा फोटो सापडला. मागे त्यांच्या अक्षरात एकच शब्द, ‘थोरली’. थोरली तर मी होते! कित्येक महिने वडिलांचा नुसता राग येत राहिला. मग माइक ली यांचा ‘सीक्रेट्स अँड लाइज’ (१९९६) पाहिला. दत्तक घेणारी आई वारल्यावर हॉर्टेन्स जन्मदात्या आईला शोधून काढते. मुलगी कृष्णवर्णीय, आई सिंथिया गोरी. रिकाम्या कॅफेत दोघी शेजारी शेजारी बसतात, कॅमेरा जागचा हलत नाही. काहीतरी चूक झालीय, असं सिंथिया म्हणत राहते. मग एकदम तिला काहीतरी आठवतं आणि तिचा बांध फुटतो. पण ती उठून जात नाही. ते न उठणं मला पुरलं. मी पत्र लिहिलं. आता ताई मला ‘धाकटे’ म्हणून हाक मारते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच लागलं होतं, थोरलेपण गेलं म्हणून.

*

मी भवभूतीचं संस्कृत नाटक ‘उत्तररामचरित’ अनेक वर्षं शिकवलं. रामायणात सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते. भवभूती ते मान्य करत नाही. सातव्या अंकात तो नाटकात नाटक रचतो: टाकून दिलेल्या सीतेचे हाल आणि मुलांचा जन्म रामाला प्रेक्षक म्हणून पाहावा लागतो. तो मूर्च्छित पडतो, सीतेच्या स्पर्शानं शुद्धीवर येतो. वर्गात मी यातली करुणा समजावत होतो आणि घरी मुलाशी सहा वर्षं अबोला धरला होता. त्याचं मोठं आजारपण मला परक्याकडून कळलं. ‘बाबांना सांगू नका,’ असं त्यानं बजावलं होतं. ते वाक्य अजून बोचतं. गेलो. दार उघडून तो म्हणाला, “आत या, बाबा.”

*

मी दत्तक आहे, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. लहानपणी हरवून दत्तक गेलेल्या सरू ब्रिअर्लींच्या खऱ्या आयुष्यावरचा ‘लायन’ (२०१६) पाहताना आई शेजारी होती. पंचवीस वर्षांनी त्याला खांडव्याची आई भेटते आणि त्याच भेटीत कळतं, की ज्याच्यामागे तो घराबाहेर पडला तो मोठा भाऊ गुड्डू केव्हाच रेल्वेखाली गेला. स्वतःचं नावही तो चुकीचं उच्चारत आलेला, मुळात तो शेरू. आई न बोलता उठली आणि मी ज्यात तिच्याकडे आले ते झबलं घेऊन आली. जन्मदात्रीचा पत्ता लागलेला नाही. झबलं आता माझ्याकडे आहे.

*

माझं थोडं वेगळं आहे. कुंती कर्णाला सांगते तेव्हा युद्ध दारात आलेलं असतं, आणि युधिष्ठिराला कळतं ते थेट तर्पणाच्या वेळी. आईनं शेवटच्या आठवड्यात सांगितलं, की ज्यांना मी काका म्हणत आलो तेच माझे वडील. काका आधीच गेले होते. त्यांचा मुलगा मला लहानपणापासून ‘दादा’ म्हणतो. त्याला अजून काही माहीत नाही. चार वर्षं झाली. हे लिहून झालं की त्याला फोन लावतो.