मणक्याची गादी (डिस्क) सरकलेली, वजनं उचलायची आहेत, ऑपरेशनचं काय? (सल्ला हवा)

पाचकिलोप्लेट:
वय ३८, बैठं काम. एमआरआयनुसार एल५-एस१ची (कंबरेच्या अगदी खालच्या सांध्याची) गादी डावीकडे बाहेर आली आहे आणि एस१ची नस दबली आहे. कंबरेचा त्रास तीन वर्षांचा. गेले चार महिने डाव्या पोटरीतून पायाच्या करंगळीपर्यंत रोज कळ जाते. एक सर्जन मायक्रोडिसेक्टमी करा म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात. आधी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ११० आणि स्क्वॉट ९० किलो होता, आता दोन्ही बंद. निर्णय कशावर घ्यायचा? तोवर जिममध्ये काय करता येईल? ऑपरेशन केलं तर बार परत कधी हातात घ्यायचा? "जिम सोडा, पोहायला जा" हे उत्तर मिळून झालंय.

मधला_मणका:
मायक्रोडिसेक्टमी कंबरदुखीवरचा उपाय नाही, पायातल्या कळेवरचा आहे. नसेवर टेकलेला तुकडा काढतात. झिजलेली गादी झिजलेलीच राहते. त्यामुळे आधी स्वतःशी हिशोब करा: शंभरातलं किती दुखणं पायात, किती कंबरेत? पाय ७०-८०च्या घरात असेल आणि एमआरआयमधली नस लक्षणांशी जुळत असेल, तर ऑपरेशनचा फायदा होण्याची शक्यता चांगली. तुमची जुळते आहे. करंगळीकडची बाजू एस१चीच. नुसत्या कंबरेसाठी कोणी फ्यूजन (मणके एकमेकांना जोडून टाकायचं ऑपरेशन) सांगत असेल तर मात्र दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका. (मणका पुढे घसरलेला किंवा अस्थिर असेल तर गोष्ट वेगळी.)

फक्त फिल्म बघून घाबरू नका. काहीच दुखत नसलेल्यांच्या स्कॅनचा २०१५मध्ये आढावा घेतला गेला, त्यात विशीतल्या ३०% आणि पन्नाशीतल्या ६०% लोकांची गादी फुगलेली होती.

थांबण्याबद्दल दोन्ही सर्जन आपापल्या जागी बरोबर असू शकतात. २००७च्या डच चाचणीत ६ ते १२ आठवड्यांची सायटिका (नस दबून पायात उतरणारी कळ) असलेले रुग्ण होते. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ आधी गेली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५% बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९% लोकांना वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं, तेही लक्षात घ्या. तुमचे मात्र चार महिने झालेत. २०२०च्या कॅनडातल्या चाचणीत ४ ते १२ महिने दुखणारेच घेतले होते. सहा महिन्यांनी पायातलं दुखणं ऑपरेशनवाल्यांत दहापैकी २.८, बाकीच्यांत ५.२. म्हणजे "अजून वर्षभर बघू" हा सल्ला तुमच्या बाबतीत तितका भक्कम नाही.

ताकद घरीच तपासा. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच पूर्ण वर उचला, किती वेळा जमतं ते मोजा, मग दुसरा पाय. शिवाय टाचांवर दहा पावलं चाला. आणि लघवी अडली, शौचावर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या आतली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर धाग्यावर विचारत बसू नका. त्याच रात्री इमर्जन्सी गाठा.

ठोकळा:
जिमचं मी सांगतो. नियम एकच: कंबरेत वाकायचं नाही, खुब्यात वाकायचं. कंबर ३/१०पर्यंत दुखली आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत असली तर चालेल. पायातली कळ खाली सरकली तर तो व्यायाम तिथेच बंद. कळ पोटरीतून वर मांडीत, कुल्ल्यात येत असेल तर ते चांगलं लक्षण, कंबर थोडी जास्त दुखली तरी.

पहाटेची बॅच सोडा. रात्रभर गादी पाणी ओढून फुगते, उठल्यावर पहिल्या तासात वाकलं की तिच्यावर जास्त ताण येतो.

सुरुवात मॅकगिलच्या (पाठदुखीचे कॅनडातले अभ्यासक) तीन व्यायामांनी: कर्ल-अप, साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर शरीर सरळ तोलून धरणं), बर्ड-डॉग (रांगत्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध पाय सरळ करणं). प्रत्येक वेळी १० सेकंद धरायचं. ६, मग ४, मग २ वेळा. कर्ल-अप म्हणजे क्रंच नव्हे. एक गुडघा दुमडून, हात कंबरेखाली ठेवून, डोकं-खांदे जेमतेम उचलायचे.

बंद: सिट-अप, गुड मॉर्निंग (खांद्यांवर बार घेऊन पुढे वाकणं), वाकून बारबेल रो (बार पोटाकडे ओढणं), जमिनीवरून डेडलिफ्ट. खोल लेग प्रेससुद्धा. पाठ टेकलेली असते म्हणून लोक त्याला सुरक्षित समजतात, पण गुडघे छातीशी आले की माकडहाड मशीनच्या सीटवरून उचललं जातं आणि कंबर गोल होते, तेही शंभर-दीडशे किलोखाली.

त्याऐवजी बॉक्सवर गॉब्लेट स्क्वॉट (वजन छातीशी धरून), ८ किलोपासून, ३ सेट ८चे, माकडहाड आत वळायला लागेल त्याच्या आधीपर्यंतच खाली. डंबेल घेऊन स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे). छाती टेकवून रो. हिप थ्रस्ट (पाठ बाकाला टेकवून कुल्ले वर उचलणं), वर गेल्यावर कंबर मागे न वाकवता. हिंज (खुब्यात वाकणं) शिकायला पाठीवर काठी धरा: डोकं, खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. दोन आठवडे हे जमलं की गुडघ्याच्या उंचीवरून रिकाम्या २० किलोच्या बारने रॅक पुल (तिथूनच उचलायचा डेडलिफ्ट). आठवड्याला २.५ किलो, त्याहून जास्त नाही.

सेट शिस्तीत होतात आणि नस पेटते ती शेवटी वीसची प्लेट वाकून उचलताना. प्लेट कंबरेच्या उंचीच्या खुंटीवरूनच घ्या, तिथेच ठेवा.

उलटा_हात:
वरच्यात भर. खोकल्यावर, शिंकल्यावर पायात कळ जात असेल तर श्वास कोंडून उचलणं सध्या नको. जोर लावताना श्वास सोडा. कंबरेच्या पट्ट्याच्या भरवशावर राहू नका. तो पोटाला आतून जोर लावायला आधार देतो, गादीला वाचवत नाही.

पाचकिलोप्लेट:
मोजलं. उजवा २२, डावा ७. खोकल्यावर कळ जाते.

मधला_मणका:
मग क्रम बदलला. दुखण्यामुळे कमी भरले असतील असंही होऊ शकतं, पण इतका फरक नसेच्या अशक्तपणाचा असू शकतो, आणि एस१ टाच उचलणारीच नस. याच आठवड्यात सर्जनकडून ताकद आणि घोट्याचा झटका (रिफ्लेक्स) तपासून घ्या. आकडा तारखेसह लिहून न्या. दर दोन दिवसांनी मोजा. कमी होत गेला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. रॅक पुल तोवर राहू द्या.

ऑपरेशन ठरलं तर साधारण असं: बहुतेकांना एक-दोन दिवसांत चालायला लावतात. पहिले ६ आठवडे वाकणं, पिळणं बंद आणि ४-५ किलोच्या वर काही नाही. ६ ते १२ आठवडे फिजिओसमोर वरचे तीन व्यायाम, शरीराच्या वजनाचे स्क्वॉट. तीन महिन्यांनी हलके डंबेल, चार ते सहा महिन्यांनी बार, तोही ट्रॅप बार (मधे उभं राहून उचलायचा षटकोनी बार) असेल तर उत्तम. तुमच्या सर्जनचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा. साधारण ५ ते १५% लोकांत त्याच जागी गादी पुन्हा बाहेर येते, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात "आता दुखत नाही" म्हणून बार उचलायचा नाही.

ठोकळा:
एक विसरलंच. विमा असेल तर पॉलिसी काढल्याची तारीख बघा. बऱ्याच पॉलिसींत मणक्याच्या गादीसाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. आणि इस्पितळाच्या अंदाजपत्रकात "डिसेक्टमी"च लिहिलंय ना, "फ्यूजन" नाही, हे कॅशलेसचा अर्ज जाण्याआधी वाचून घ्या.