अनुभव धागा: मुलांकडे परदेशी सहा महिने, मोकळ्या वेळात हाताला काय काम?

लक्ष्मीनगर_गच्ची

आज माळा झाडताना प्रवासाच्या बॅगेतून मेथीदाण्यांची अर्धी पुडी निघाली, न्यू जर्सीतल्या भारतीय किराणा दुकानातली. ती हातात धरली आणि तिथली सकाळ आठवली. मुलं ऑफिसात, नातवंडं शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घड्याळात अकराच वाजलेले. नागपुरातून दर उन्हाळ्यात कितीतरी घरचे आईबाबा निघतात. बॅगेत चिवडा, संत्रा बर्फी सगळे भरतात, पण तिथल्या दिवसभराची तयारी कोणी करत नाही. म्हणून हा धागा. प्रवासवर्णन नको. काय करता येते, कसे, किती, कुठे फसते, एवढेच लिहा. पुढच्या जाणाऱ्याच्या कामी पडले पाहिजे.

परसबागेपासून सुरू करते. बियाणं इथून नेऊ नका. अमेरिकेत त्याला फायटोसॅनिटरी (बियाणं कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र लागते, नसले तर विमानतळावरच काढून घेतात, लपवून नेले तर दंड. तिथल्या किराणा दुकानातले मेथीदाणे आणि अख्खे धने छान रुजतात. मेथी रात्रभर भिजवायची, अर्धा सेंटिमीटर खोल आणि दाट पेरायची. पंचवीस-तीस दिवसांत जुडी हातात. सांबाराचा धणा लाटण्याने हलकेच दुभंगून घ्या, एका धण्यात दोन बिया असतात. ऊन तापले की सांबार पाने सोडून फुलावर जाते, मग कितीही पाणी घाला, परत येत नाही. म्हणून सगळे एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी मूठभर, आणि जुलैत दुपारी सावली येते अशा जागी.

अंगण नसेल तर १९ लिटरची बादली घ्या, तिकडे ती पाच गॅलनची म्हणून मिळते. तळाला बोट जाईल एवढी पाच-सहा भोके. त्यात अंगणातली माती भरू नका. बादलीत ती दगडासारखी बसते, मुळांना हवा मिळत नाही. पॉटिंग मिक्स, म्हणजे कुंडीसाठीचे तयार भुसभुशीत मिश्रण घ्यायचे. एका बादलीत एकच भेदरं (टोमॅटो) किंवा एकच वांगं, दोन लावली तर दोन्ही उपाशी. न्यू जर्सीत मेच्या मध्यापर्यंत भेदरं-वांग्याचे रोप बाहेर ठेवू नका. एक गोठवणारी रात्र पुरते, सकाळी पाने उकडल्यासारखी काळी पडतात.

कोथरूडची_सून

सांबार पेरायचं म्हणजे? इडलीबरोबरचं? 😊

सक्करदरा_स्वयंपाकघर

ताई, आमच्याकडे कोथिंबिरीले सांबार म्हणतात. सांबारवडी खाल्ली नाही का तुम्ही कधी? या एकदा नागपूरले, थंडीत या.

गोरेवाडा_दुर्बीण

पक्षी! ज्यांना पायऱ्या, चढ जमत नाही त्यांनीही खिडकीत बसून करावे असे काम आहे.

दुर्बीण ८x४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे. १०xची घेतली की चित्र मोठे दिसते, पण हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो, साठीनंतर तो जाणवतो. चष्मा लावून बघत असाल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली फिरवून ठेवा, नाहीतर कडेला काळे दिसते. फोनवर मर्लिन नावाचे मोफत ॲप घ्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचे आहे. आवाज ऐकवला की पक्ष्याचे नाव सुचवते. नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका, पक्षी डोळ्यांनी दिसला तरच वहीत लिहा. रोजची यादी त्याच प्रयोगशाळेच्या ईबर्ड संकेतस्थळावर टाकली की संशोधकांना कामी येते. हेच खाते नागपुरात परत आल्यावर अंबाझरी-गोरेवाड्यालाही चालते.

आता गंमत. अमेरिकेत पिवळ्या गोल्डफिंचला जे बी घालतात ते ‘नायजर’ म्हणजे आपले कारळे. चटणीचेच. तिकडे आयात करताना ते तापवून निर्जीव केलेले असते, म्हणजे सांडले तरी तण उगवू नये. त्याला बारीक फटींचा वेगळा फीडर (पक्ष्यांसाठी दाणे भरून टांगायचे भांडे) लागतो, साध्या फीडरमधून सगळे गळून जाते. तेलबी असल्यामुळे खवट होते. महिनाभर पक्षी आले नाहीत तर ओतून टाका आणि ताजे भरा. खवट दाण्याला ते तोंड लावत नाहीत, आणि आपण म्हणतो पक्षीच नाहीत या गावात.

हमिंगबर्डसाठी एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. गूळ नाही, मध नाही, लाल रंग नाही. गूळ-मधाचे पाणी लवकर आंबते, बुरशी धरते आणि ती त्यांच्या जिभेला बाधते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, नळी ब्रशने घासा.

आणि फीडर काचेपासून एक तर मीटरभराच्या आत टांगा, नाहीतर दहा मीटर लांब. मधल्या अंतरावरून पक्षी पूर्ण वेगाने काचेवर आदळतो आणि मान मोडते. आत असला तर वेग घेण्याआधीच काच लागते, म्हणून वाचतो. ही एक गोष्ट तरी सगळ्यांनी लक्षात ठेवाच.

खामला_ते_कॅलगरी

कारळ्याचे माहीतच नव्हते! सांगते आईला. बाकीचे वाचून राहिली आहे, कुकर लावला आहे.

रामदासपेठ_वाचक

लायब्ररी. अमेरिका-कॅनडात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कार्ड काढा. ओळखीला पासपोर्ट चालतो, अडते पत्त्याच्या पुराव्यावर, कारण विजेचे बिल मुलाच्या नावाचे असते. त्या पत्त्यावर आपल्या नावाने पोस्टाने आलेले पत्र पुष्कळ ठिकाणी चालते. तेव्हा निघायच्या आधीच नागपुरातून एक पत्र टाकून ठेवा, नाहीतर मुलाला सोबत नेऊन काउंटरवर विचारा. प्रत्येक गावाचा नियम वेगळा.

कार्ड मिळाले की पुस्तके हा त्यातला लहान भाग. लिबी ॲपवर बोलकी पुस्तके फुकट, डोळ्यांना त्रास असणाऱ्यांना फारच उपयोगी. इंग्रजी संभाषणाचे मोफत वर्ग. संग्रहालयांचे पास, जे पुस्तकासारखे घरी नेता येतात, पण शनिवार-रविवारचे खूप आधी संपतात, मंगळवार-बुधवार मागा. मोठ्या लायब्ररीत शिवणयंत्रही असते, वेळ लिहून ठेवायची. जुन्या साड्या नेल्या तर गोधडीचे तुकडे तिथे जोडता येतात, धागे हाताने घरी घालायचे. गोधडीला कडक इस्त्रीची साडी नको, धुऊन धुऊन मऊ झालेली सुतीच.

प्रतापनगर_बाबा

एक सूचना, तळमळीने. व्हिजिटर व्हिसावर पैसे घेऊन काहीही नाही. शेजारच्या बाळाला सांभाळणे, डबे करून देणे, शिकवणी, रोख असो की खात्यात, नाही म्हणजे नाही. पुढचा व्हिसा त्यात अडकतो. फुकट सेवा करायचीही मर्यादा असते. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी मिळून ३० दिवसांपर्यंत चालते. दुसऱ्या देशात असाल तर त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहूनच हो म्हणा.

दुबई_मनीषनगर

प्रतापनगर काकांच्या मुद्द्याला जोडून: अमिरातीत गणपतीची किंवा कोणाच्या मदतीची वर्गणी परस्पर गोळा करू नका. परवानाधारक संस्थेशिवाय देणगी मागणे तिथे गुन्हा आहे, व्हॉट्सॲपवरचा निरोपही त्यात येतो. सुटी २०२२ पासून शनिवार-रविवार आहे, शुक्रवार अर्धा. जुने वेळापत्रक मनात असेल तर बदला. उन्हाळ्यात चालायला मॉलच. नागपूरच्या मे महिन्याची सवय आहे म्हणून बाहेर पडू नका. समुद्राच्या दमटपणात घाम वाळत नाही आणि अंग थंडच होत नाही.

मँचेस्टर_महाल

ब्रिटनमध्ये असाल तर पार्करन. दर शनिवारी, इंग्लंडमध्ये सकाळी ९ वाजता, ५ किलोमीटर, फुकट. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात सुरू झाले. नाव पार्करन असले तरी चालत पूर्ण करणारे भरपूर, आणि सगळ्यांच्या मागे एक ‘टेल वॉकर’ स्वयंसेवक असतो, त्यामुळे शेवटचा नंबर कधी आपला येत नाही. संकेतस्थळावर एकदाच नोंदणी करायची, बारकोड फोनमध्ये किंवा कागदावर ठेवायचा. बारकोड विसरला तर चालता येते, पण वेळ नोंदली जात नाही, ‘अनोळखी’ म्हणून जाते. ओल्या गवतात आपले साधे चालायचे बूट घसरतात, तळाला खोल खाचा असलेले घ्या. संपल्यावर चहाला थांबा, खऱ्या ओळखी तिथे होतात.

खामला_ते_कॅलगरी

परत आले. हिवाळ्याचे कोणी लिहिले नाही. कॅनडात नोव्हेंबर ते मार्च वयस्कर मंडळी पडतात ती बहुतेक ‘काळ्या बर्फा’वर. रस्ता नुसता ओला दिसतो, पण तो काचेसारखा पातळ बर्फ असतो. बुटाला बाहेरून चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात, ते घ्या. दुकानात शिरताना मात्र काढा, फरशीवर तेच घसरतात. चालताना पावले लहान, हात खिशाबाहेर. आतला थर सुती नको, घामाने ओला होऊन अंगाला चिकटतो आणि तिथून थंडी शिरते. लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा घाला.

सक्करदरा_स्वयंपाकघर

मुगवड्या सांगते. अर्धा किलो मूगडाळ चार-पाच तास भिजवायची, चाळणीत पूर्ण निथळायची, पाण्याशिवाय भरड वाटायची. आठ-दहा मिरच्या, जिरे, हिंग. मीठ अगदी शेवटी, आधी घातले की पाणी सुटते आणि वडी पसरते. न्यू जर्सी, ह्यूस्टनच्या दमट हवेत उन्हात ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी बुरशी. फिनिक्सकडे मात्र आपल्यासारखेच कोरडे ऊन, तिथे गॅलरीत वाळतात. बाकी ठिकाणी डिहायड्रेटर (वाळवायचे विजेचे यंत्र), ५५ ते ६० अंश, आठ-दहा तास, चार तासांनी उलटायच्या. घाईने आच वाढवू नका. वरून कडक कवच होते, आत ओल कोंडते, आणि डब्यात पंधरा दिवसांनी वास येतो. पारख: थंड झालेली वडी मोडा. कट्ट आवाज आला पाहिजे, वाकली तर अजून दोन तास.

कोथरूडची_सून

इथला मिक्सर न्यावा का वाटायला?

सक्करदरा_स्वयंपाकघर

नको. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपला २३०चा. ७५० वॅटच्या मिक्सरला निदान १५०० वॅटचा कन्व्हर्टर लागते, ते धूड ओट्यावर मावत नाही. तिथे ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर मिळतात.

उमरेड_रोड

अंबाडी कोणी सांगितली नाही? भारतीय दुकानात ‘गोंगुरा’ म्हणून जुडी येते. जाड देठ वीतभर कापायचे, खालची पाने काढायची, पाण्यात ठेवायचे, आठ-दहा दिवसांत मुळ्या. पाणी एक दिवसाआड बदला. भाजी भरपूर होते. फुलांची आशा उत्तरेकडच्या राज्यांत धरू नका. दिवस लहान झाल्याशिवाय अंबाडी फुलत नाही, आणि तोवर थंडी येऊन ठेपते.

गोडनिंबाचे (कढीपत्त्याचे) रोप किंवा ताजा पाला इथून अजिबात नेऊ नका. सिट्रस सिला नावाचा बारीक किडा त्यावर येतो आणि संत्र्याचा ग्रीनिंग रोग पसरवतो. आपल्या अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेजवळ राहणाऱ्यांना हे सांगायला नको. तिकडे फ्लोरिडाच्या संत्राबागा याच रोगाने बसल्या. तिथल्याच नर्सरीचे प्रमाणित रोप घ्या, कॅलिफोर्निया-टेक्सास-फ्लोरिडातून दुसऱ्या राज्यात हलवू नका. रात्र १० अंशांखाली गेली की कुंडी घरात, पाणी कमी. हिवाळ्यात पाने गळतात म्हणून लोक झाड फेकतात. फेकू नका हो! फांदी नखाने खरवडा. आत हिरवे असेल तर मार्चमध्ये फुटते.

धंतोली_अक्षर

ज्यांची बोटे कीबोर्डवर बसतात त्यांनी मराठी विकिस्रोत बघावे. जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पाने असतात, शेजारी यंत्राने वाचलेला मजकूर, आपण ताडून दुरुस्त करायचा. लाल पान न तपासलेले, पिवळे एकदा तपासलेले, हिरवे दुसऱ्या माणसाने पुन्हा पडताळलेले. पिवळे आणि हिरवे एकाच माणसाला करता येत नाही, ते बरेच आहे. यंत्र ‘घ’चा ‘ध’ करते, ‘भ’चा ‘म’ करते, अनुस्वार खाते. जुने लेखन (‘कांहीं’, ‘नाहीं’) चूक समजून नवे करू नका, पुस्तकात आहे तसेच ठेवा. नवखे इथेच चुकतात. पानाला पंधरा-वीस मिनिटे धरा, दिवसाला तीन पाने पुरे. पुढे मान दुखते आणि नजर चुका सोडते.

लक्ष्मीनगर_गच्ची

धंतोली, हे फार मोलाचे. आणि भजनी मंडळ, गीतापठण ज्यांना तिकडूनही सोडायचे नाही त्यांच्यासाठी: न्यूयॉर्कच्या बाजूला उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. इथे रात्री साडेआठला लावलेला वर्ग तिथे उन्हाळ्यात सकाळी ११ला, हिवाळ्यात १०ला. त्यांची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात, आपली नाही. त्या आठवड्यात दरवेळी निम्मी मंडळी चुकतात, गटावर आदल्या दिवशी निरोप टाका.

मानेवाडा_ताई

सगळा धागा आईला वाचून दाखवला. ती रविवारी निघते आहे, गोल्डफिंचसाठी किलोभर कारळे बांधून बसली आहे. काय सांगू?

गोरेवाडा_दुर्बीण

काकूंना सांगा, कच्चे कारळे म्हणजे बियाणंच, अडवतील. भाजून, कुटून कोरडी चटणी करून न्या आणि विचारले की अन्न आहे म्हणून सांगा. फीडरला तिथलेच अडीच किलोचे पोते घ्यायला लावा, त्याहून मोठे नको, संपेपर्यंत खवट होते.