शब्दचर्चा : ‘होमस्पन’ आवाजाला मराठीत काय म्हणाल?

कानसेन
मंडळी, एका लेखात अडलोय. विषय आहे आर. स्टीव्ही मूर आणि एरियल पिंक हे दोन अमेरिकी गायक-संगीतकार. मूर नॅशव्हिलचा. वडील बॉब मूर तिथले नावाजलेले बासवादक, एल्व्हिसच्या रेकॉर्डिंगलाही वाजवलेले. पोराने मात्र घरातच टेपरेकॉर्डर मांडले आणि गिटारपासून ड्रमपर्यंत सगळं स्वतःच वाजवून भरलं. १९७६ मध्ये ‘फोनोग्राफी’ ही एलपी निघाली, पहिल्या खेपेला जेमतेम १०० प्रती. पुढे ४०० च्या वर अल्बम झाले, बहुतेक घरीच केलेले. लॉस एंजेलिसच्या एरियल पिंकने या माणसाला गुरू मानलं, आणि त्याच्या सुरुवातीच्या अल्बमांत ते ऐकू येतं. अशा आवाजाला इंग्रजीत ‘होमस्पन’ म्हणतात. मी ‘घरगुती आवाज’ लिहिलं आणि वाचून मलाच हसू आलं. लोणच्याची जाहिरात!

वऱ्हाडी
घरगुती म्हटलं की मला आधी गॅस सिलिंडर आठवतो.
मूळ शब्द कापडाचा आहे ना? घरी कातलेल्या सुताचं. मग ‘खादी’ म्हणा की सरळ.

कानसेन
अर्थ तंतोतंत तोच. पण खादी म्हटली की डोळ्यांसमोर कडक इस्त्रीचा पुढारी उभा राहतो, त्याला काय करू?

माजघर
‘जाडाभरडा’ चालेल का? आमची आजी हातमागाच्या लुगड्याला ‘जाडंभरडं’ म्हणायची, पण त्यात तुच्छता नसायची. टिकाऊ, अंगाला सवयीचं, असा भाव असायचा.

वऱ्हाडी
आजीच्या तोंडी चांगलं वाटतं हो. छापलं की शिवी वाटेल. आणि कुणी ‘हातभट्टीचा आवाज’ सुचवायच्या आत सांगतो, ते माझ्या मनात येऊन गेलंय.

फीतवाला
शब्द ठरवण्याआधी तो आवाज होतो कसा ते बघू या. मूरकडे सुरुवातीला दोन साधी टेपयंत्रं. पहिल्यावर गिटार भरायची. ती वाजवत सोबत बास वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर उतरवायचं. मग दुसऱ्यावरून परत पहिल्यावर, आता गाण्यासकट. प्रत्येक फेरीत आधीच्या फितीची खरखर नव्यात जमा होते आणि तळातली गिटार थोडी आणखी मऊ, आणखी लांबची होते. लहानपणी आपण मित्राच्या कॅसेटवरून कॅसेट भरून घ्यायचो, मग त्यावरून तिसरा भरायचा. त्या तिसऱ्या कॅसेटवरचा आवाज आठवा. तसा.
पिंकने हे फार पुढे नेलं. आठ ट्रॅकचं, म्हणजे एकाच फितीवर आठ आवाज वेगवेगळे भरता येणारं, कॅसेट यंत्र घेतलं आणि ड्रम चक्क तोंडाने वाजवले. त्याचा ‘द डोलड्रम्स’ हा अल्बम ऐका. ढोलाच्या जागी ओठ आहेत हे कळायला मला दोन गाणी लागली.

माजघर
मग यात घर कुठे महत्त्वाचं आहे? खरखर महत्त्वाची आहे.

कानसेन
हाच तर मुद्दा! २०१० चा ‘बिफोर टुडे’ हा अल्बम पिंकने बँड घेऊन स्टुडिओत केला. आवाज बराच स्वच्छ, तरी मूरचा गुण त्याला लागलेला दिसतोच: मध्येच वळणारी चाल, रेडिओवरच्या जुन्या पॉपची गोडी आणि ती थोडीशी बिघडवण्याची खोड. तिथे ‘घरगुती’ लिहिलं तर चक्क खोटं ठरेल. ‘घरगुती’ शब्द जागा सांगतो, मला पोत सांगणारा हवाय.

फीतवाला
‘लो-फाय’ ठेवा, म्हणजे साध्या यंत्रावर भरलेला, खरखरीचा आवाज. सगळ्यांना कळतं.

कानसेन
कळतं, पण त्याने फक्त यंत्राची कुवत कळते. मूरच्या गाण्यातला आपलेपणा त्यात येत नाही. ‘हौशी’ तर मुळीच नको. ४०० अल्बम करणाऱ्याला हौशी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

माजघर
स्वयंपाकघरात या. कसं केलंय ते सांगणारी विशेषणं मराठीत तिथेच सापडतात. पाट्यावरची चटणी, जात्यावरचं पीठ, हातसडीचा तांदूळ. हातसडीच्या तांदळावर कोंडा राहतो, रंग जरा तांबूस असतो, भात पांढराशुभ्र होत नाही. पण तो कोंडा राहू दिलेला असतो. आणि असा तांदूळ कुणाच्याही घरी शिजवता येतो, तो आपल्या उखळात सडलेला असलाच पाहिजे असं नाही.

वऱ्हाडी
‘हातसडीचं पॉप’! माझं मत पक्कं.

फीतवाला
मथळ्यात शोभेल. पण चाळिशीच्या आतल्या वाचकाला हातसडी कळेल?

माजघर
शहरात पाकिटावर छापून दुप्पट भावात विकतात, कळेल.

कानसेन
मथळ्यात ‘हातसडीचा सूर’ घेतो, आत एकदाच ‘लो-फाय’ टाकतो. ‘जाडाभरडा’ पिंकच्या तोंडी ड्रमसाठी राखून ठेवलाय, तिथे तो अगदी फिट्ट बसतो. माजघरताई, आजींचं वाक्य लेखात वापरू का?