मोडीचं सोनं-चांदी घरी आटवता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आजीच्या डब्यातली मोड काढायची आहे. सोन्यात जोडी हरवलेली एक कुडी, तुटकी साखळी, चेपलेल्या अंगठ्या आणि ठुशीचे सुटे मणी, मिळून साधारण १४ ग्रॅम. चांदीत पैंजण, जोडवी, फुटकं निरांजन. ती पाव किलोच्या वर भरते.

मागे एका पेढीवर मोड दिली होती. ती आत गेली आणि बाहेर आली ती लगड, म्हणजे आटवून ओतलेला गोळा. वजन बरंच उतरलेलं, वर भाव लावताना आणखी घट धरली. विचारलं तर म्हणे, "डाग (सांधे जोडायचा मिश्रधातू) होता, लाख होती." असेलही, पण माझ्यासमोर आटवायला काय हरकत होती? म्हणून या वेळी घरीच लगड करून न्यावी असं डोक्यात आहे. छोटी मूस (धातू वितळवायचं भांडं), ब्युटेनचा टॉर्च आणि टाकणखार (बोरॅक्स) ऑनलाइन मिळतात. व्हिडिओत तर चहा उकळण्याइतकं सोपं दिसतं! एवढ्या टॉर्चने काम होईल का? सगळं सोनं एकत्र टाकलं तर चालेल का? आणि घरची लगड सोनार घेतो का? कुणी केलं असेल तर सांगा.

– ओसरी

---

ओसरीताई, आमचं गाव सांगलीकडच्या विट्याजवळ, घरात गलाईचाच, म्हणजे सोनं-चांदी आटवायचाच धंदा. खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर हेच काम करतात, त्यामुळे भट्टीजवळच वाढलो.

शुद्ध सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात, चांदीला ९६२. स्वयंपाकघरातल्या टॉर्चने एखाद-दोन ग्रॅम सोनं वितळेलही, १४ ग्रॅम एका दमात नाही. पाव किलो चांदीचं तर नावच नको. शिवाय १४ ग्रॅम सोनं म्हणजे पुरता एक मिलिलिटरही नाही. मुशीला चिकटलं, ओतताना दोन थेंब सांडले, की पेढीने कापलं नसेल तेवढं तुम्हीच घालवाल. आमच्याकडे जमिनीवरची धूळसुद्धा झारेकऱ्याला (धुळीतून सोन्याचे कण काढणाऱ्याला) विकतात, ते उगाच नाही. ज्या साच्यात ओतायचं तो किंचित ओला राहिला, तर वाफ होऊन धातू अंगावर उडतो.

लगड विकायला नेली तरी घेणारा ती पुन्हा आटवणार किंवा कापून तपासणारच. दागिना ओळखू येतो, लगडीवर कुणी विश्वास ठेवत नाही. अंगठ्यांवर हॉलमार्क असेल तर त्या अजिबात आटवू नका, वेगळ्या द्या. २२ कॅरेट आणि १८ कॅरेट एकत्र केलं तर सगळ्याचाच कस (शुद्धता) मधला होतो.

– मूसवाला

---

धुराचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. जुन्या दागिन्यांत, खासकरून केडीएम म्हणून विकलेल्यांत, डागाला कॅडमियम वापरलेलं असतं. ते ७६७ अंशांनाच उकळतं, म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी त्याची वाफ घरभर. त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी छाती भरते आणि जिवावर बेतू शकतं. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन शोषते आणि थिजताना तो बाहेर टाकते, तेव्हा थेंब उडतात. निरांजन जर्मन सिल्व्हरचं निघालं तर त्यात चांदी नसतेच. तांबं, निकेल आणि जस्त.

– क्षार

---

बरं, घरी करणं रद्द. पण मग ती घट खरी होती की नाही हे कळणार कसं?

– ओसरी

---

दोन घटी वेगळ्या ओळखा. लाख, खडे, मळ यांनी वजन उतरतं. डागाने वजन फारसं उतरत नाही, कस उतरतो. दोन्ही एकाच आकड्यात कापले असतील तर विचारायचा हक्क आहे तुम्हाला.

सराफ बाजारात गलाईवाला शोधा. आधी त्याच्या काट्यावर वजन स्वतः वाचून लिहा. ठुशीचा एखादा मणी फोडून पाहा, आत लाख असली तर मणी वेगळे आटवायला सांगा, म्हणजे बाकीच्या सोन्याची खरी घट दिसेल. समोर बसा, मूस रिकामी झालेली पाहा, लगड थंड झाली की पुन्हा वजन. मग टंच (शुद्धतेची तपासणी) काढून चिठ्ठी घ्या. संशय राहिला तर बीआयएसमान्य (भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या) हॉलमार्किंग केंद्रात फी भरून सामान्य माणसालाही दागिना तपासून मिळतो. तो मात्र आटवायच्या आधीच न्या.

चांदीला वेगळा दिवस काढा. पैंजणांचा कस एकेका जोडाचा निराळा निघतो, वेळ लागेल.

– मूसवाला